काकाजींचा एंटर

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच, आणि नेमके माझेच डोळे गेले. बाबा गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचे, आई विड्या बांधायची. बारावीपर्यंत मैत्रिणींनी धडे वाचून दाखवले. मग एकेकीचं लग्न झालं. बी.ए.ला गेले तेव्हा वाचून दाखवणारं कोणी उरलं नव्हतं. बाबा म्हणाले, "विड्या अंदाजानंही बांधता येतात. कॉलेज राहू दे." रागानं नाही, थकून म्हणाले.

पण कॉलेजच्या लायब्ररीत एक नवल आलं होतं. टाइप केलेला मजकूर कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवायचा! लायब्ररीवाले सर म्हणाले, नोट्स टाइप करून आण. आईनं मला कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्या काकाजींकडे नेलं.

आई सांगायची, टाइप करताना काकाजी ना कीबोर्डकडे पाहत, ना स्क्रीनकडे. नजर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा, आणि बोटं आपली धावताहेत. माझी अडचण ऐकून म्हणाले, "बोटांना डोळे कायले पाहिजे, बेटा? बस इथं." मजुरीचा विषय त्यांनी काढूच दिला नाही. वर्गातल्या एकीकडून मागून आणलेल्या वहीवरून आठवड्याभरात इतिहासाच्या नोट्स तयार झाल्या.

मी लगबगीनं लायब्ररीत गेले. मशीन बोलायला लागलं, पण मराठीचं नावच नाही. एबीसीडीची नुसती खिचडी. मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. मी तशीच दुकानात परतले.

काकाजींना ते लागलं. "माझं टायपिंग चुकत नाही," म्हणत ते स्वतः सरांना भेटायला गेले. सरांनी समजावलं, की काकाजींच्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं फक्त दिसायला मराठी असतात. आत मशीनला इंग्रजीच सापडते. युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनलाही मराठीच कळेल अशा पद्धतीत, टाइप करावं लागेल, आणि त्याचा कीबोर्ड वेगळा.

परतताना काकाजी रिक्षात म्हणाले, "म्हणजे आजवर मी फक्त डोळेवाल्यांसाठीच टाइप करून राहिलो होतो."

दुसऱ्या दिवसापासून कधी खाली न पाहणारा तो माणूस मान वाकवून एकेक अक्षर शोधू लागला. कचेरीतले वकील चिडवायचे, "काकाजी, काऊन खाली पाहून राहिले? काही हरवलं का?"

"जन्माची सवय हरवली," काकाजी म्हणायचे. "तुमचे अर्ज जरा थांबतील."

आणि मग मशीन मराठीत बोललं! आवाज हिंदी वळणाचा, सर्दी झाल्यासारखा, पण शब्द न् शब्द कळत होता. तो पहिला परिच्छेद मी पुन्हा ऐकला, आणखी पुन्हा ऐकला. कोणी कंटाळलं नाही, कोणाला स्वयंपाकाची घाई नव्हती. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा मी कोणाची वाट न पाहता अभ्यास करत होते.

एकच गंमत होती. वाक्य अर्धं झालं की मशीन मध्येच थांबायचं. काकाजींनी ऐकलं आणि विचारलं, "याला दम लागते काय?" मग स्वतःच कपाळावर हात मारला. टाइपरायटरवर वाढलेला माणूस; ओळ भरली की नव्या ओळीसाठी त्यांचा हात आपोआप एंटरवर जायचा. ती सवय मात्र सुटली नाही. पुढच्या तिन्ही वर्षांच्या नोट्स तशाच, ओळीओळीला थांबणाऱ्या. मीही त्या थांब्यांत मागची ओळ मनात घोकायला शिकले.

निकाल सांगायला गेले तेव्हा काकाजी टाइप करत होते. बोटं थांबली. समोर बसलेल्या पक्षकाराला म्हणाले, "ऐकलं का? हिच्या पेपरात माझीही बोटं आहेत." तोवर त्यांची नजर पुन्हा रस्त्यावर असायची, असं आई सांगते. त्या दिवशी मात्र ते माझ्याकडे पाहत होते, असंही तीच सांगते.

काकाजी गेले, दुकानात आता मोबाइल मिळतात. त्यांच्या फाइली माझ्याकडे आहेत. एंटर काढून टाकणं आज मला येतं. मी काढलेले नाहीत. मशीन वाचता वाचता थांबतं, आणि मला वाटतं, काकाजी रस्त्यावरच्या कोणाशी तरी बोलताहेत.

विड्या मला आजही बांधता येत नाहीत. मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.