कुरडयांची साक्ष

केजच्या कोर्टानं माझ्यासाठी पोटगी मंजूर केली, तेव्हा वडील हैदराबादेत ट्रक चालवत होते. तिकडे रोज नवा कारखाना निघत होता, ट्रकवाल्यांना बरकत होती. आमच्याकडे मात्र छदामही आला नाही, म्हणून कोर्टानं वॉरंट पाठवलं. चार महिन्यांनी ते शेऱ्यासह परत आलं: सदर इसम मयत.

माणूसच गेला तर पोटगी कुणाकडून मागणार, वकील म्हणाले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आईचं कुंकू पुसायला हजर. मला आधी त्यांचाच संशय आला. यांना इतक्या लवकर कुणी सांगितलं? आईनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "आदी बघून येते," ती म्हणाली. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, पोस्टमनवरही तिचा विश्वास नव्हता.

नांदूरघाटहून आम्ही परळीला, वडिलांच्या आईकडे गेलो. आजी पदर डोळ्यांना लावून बसली. "तिकडंच माती दिली माज्या लेकराला," म्हणाली. पदर कोरडाच होता, पण तेवढ्यावरून काय ठरवणार? आई पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेली, तिच्यामागे मी. तिथं बाजेवर कुरडया वाळत घातलेल्या. थर्मल वीजकेंद्राची राख बसू नये म्हणून वर जुनं पातळ टाकलं होतं. ज्या घरात माणूस जातो तिथं आमच्याकडे त्या उन्हाळ्यात कुरडया करत नाहीत, भावकी आणून देते.

आईनं एक कुरडई मोडून तोंडात टाकली आणि ओसरीवर आली. "दुखवट्याच्या घरात कुरडया कावून घातल्या, आत्याबाई?"

आजी उठून कुरडया गोळा करायला मागं गेली.

कुरडयांचं ऐकून वकील आधी हसले. मग त्यांनी मृत्यूचा दाखला मागवणारा अर्ज लिहिला. दाखला कुठून येणार? वॉरंट पुन्हा निघालं. या खेपेला हवालदाराबरोबर मामा गेला आणि आठवड्यात वडील कोर्टात उभे राहिले, अंगानं भरलेले, नव्या शर्टात. आई जिंकली याचा मला इतका आनंद झाला की मी बाकावरून उठलेच.

जज्जसाहेबांनी माझ्याकडे बघून वडिलांना विचारलं, "ही तुमचीच मुलगी ना?"

वडिलांनी मान वळवली नाही. "असंल," ते म्हणाले.

पोटगी सुरू झाली. शाळेत कुणी वडिलांचं विचारलं, तर मी "वारले" म्हणून सांगायला लागले.