दोन दारांचा वॉचमन

"कौन? किधर से? किसके पास?"

हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय दादा संगणकाला हात लावत नसत. विचारायचे तेही संगणकालाच, आणि हिंदीत. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे वळायचे, "बाई, याला दारां किती?"

मी आश्रमशाळेत शिकवते. शाळेत नेटचा भरवसा नाही, म्हणून मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज मोखाड्यातल्या घरूनच भरते. एकदा प्रिंटर रुसला आणि जव्हारहून कोणीतरी जाणकार येतोय असं कळलं. मला वाटलं, टाय लावलेलं कोणी येईल. जीपमधून उतरले ते पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे, जव्हारजवळच्या दाभोशाचे दादा. पिशवीत पक्कड, पेनड्राइव्ह आणि माझ्यासाठी घरच्या दोन काकड्या.

हिंदी ठाण्याची होती. तिथे एका इमारतीवर ते बारा वर्षं वॉचमन होते. केबिनमधल्या कॅमेऱ्याचा संगणक सारखा बिघडायचा, तो दुरुस्त करणाऱ्याच्या मागे उभं राहून हे शिकले. तुम्हीआम्ही शिकवणी लावूनही शिकत नाही, ते या माणसाने नुसतं पाहून उचललं.

त्यांच्या लेखी दारं म्हणजे नेटच्या जोडण्या. माझ्याकडे दोन होती. एक घरात आलेली तार, तिच्यावर वायफायचा डबा. दुसरा माझा मोबाइल, तार मेली की जोडायचा.

"मोबाइलवर कडी हाय," पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "तारेवर का नाय?"

कडी म्हणजे फायरवॉल. मी ठसक्यात सांगितलं, "मोबाइल बाहेरचा, दादा. तार घरची. घरात कशाला कडी? शिवाय तारेवरची फायरवॉल बंद केली की एरवी प्रिंटर चालतो."

ते उठून समोर जीपच्या थांब्यावर जाऊन बसले. आता आमचा थांबा तुम्ही पाहिलेला नसेल. जीप भरेपर्यंत माणसं तासन्‌तास बसतात. त्यांना आमच्या घरून पाणी मिळतं आणि गेली काही वर्षं नेटही. पासवर्ड मीच दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवला होता. मागितलेलं पाणी आणि मागितलेलं नेट, दोन्हीला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

दहा मिनिटांनी दादा परत आले आणि आपला फोन माझ्यापुढे धरला. "ही पोरगी कोन, बाई?"

सातवीतल्या मुलीचा फोटो होता. पुढे तिचं आधार कार्ड, तिच्या आईचं बँकेचं पासबुक. त्यामागे दुसरी मुलगी, तिसरी. माझ्या संगणकातलं सगळं फोल्डर थांब्यावरच्या बाकावर उघडलं होतं. सोबतच्या शिक्षिकेला फोनवरून फोटो टाकता यावेत म्हणून मीच ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. त्या मुलींच्या आयांनी अंगठे उठवून कागद दिले होते ते माझ्या भरवशावर.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. दादांनी काकडी चिरली, मीठ लावून फोड माझ्या हातात दिली.

"मोबाइल तुमचा एकलीचा, त्याला कडी. तारेवर सगला मोखाडा, ती उघडी. उलटा झाला ना?" मग स्वतः एक फोड उचलून, "माझा पन तसाच झालता. पुढच्या गेटावर मी साहेबांना पन नाव लिहाया लावायचो. मागचा गेट दूधवाल्यासाठी उघडा. एका म्हातारीच्या घरातला सगला गेला, मागून. ती मना काय बोलली नाय. मीच नोकरी सोडली."

मग कामाला लागले. प्रिंटर सुरू केला, तारेवरही फायरवॉल चालू केली, तारेचं नेट 'सार्वजनिक', म्हणजे परक्यांचं, ठरवलं, प्रिंटरपुरती वाट मोकळी ठेवली, फोल्डरला पासवर्ड लावला. चौकटीवरचा खडू मी पुसायला निघाले तर त्यांनी हात धरला. "तो ऱ्हाऊ द्या. पानी पाजावा, बाई. माठ तेवढा घरात ठेवावा."

पुढे अडलं की ते जव्हारहूनच माझ्या संगणकात शिरत. त्यासाठी एक वाट त्यांनी करून घेतली होती. फोनवर "आलो" म्हणायचे आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागायचा. मला त्या बाणाची सोबत वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "बाई, कम्प्युटर लावा." बाण हळूहळू हलला, दोनदा चुकला, थांबला.

"काय केलंत, दादा?"

"एक कडी ऱ्हायली व्हती."

ते आजारी आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी ते गेल्याचं जीपवाल्याकडून कळलं.

यंदा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदाच मी फायरवॉलची यादी स्वतः उघडली. त्यांच्या ओळी मराठीत होत्या. 'प्रिंटर - येऊ दे.' 'दुसऱ्या बाई - पासवर्ड विचारून.' सगळ्यात खाली, 'मी - जव्हारवरून.' तेवढी एकच ओळ बंद केलेली होती.

मला रडू आवरेना. बाहेर थांब्यावर माणसं चौकटीकडे बघून पासवर्ड टाकत होती. ती ओळ पुन्हा चालू करायला एक टिचकी पुरते. मी बराच वेळ बाण तिच्यावर धरून बसले, आणि मग तशीच बंद राहू दिली.