अप्पांचा चिमटा आणि अक्कांची बोटं

बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे पालथे घाला, बोटांची एवढी धास्ती घेतलेला दुसरा माणूस सापडला तर मी माझं नाव बदलीन. हे माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. जनवाड्याच्या एका गुरांच्या डॉक्टरकडे त्यांनी उभा जन्म कंपाउंडरकी केली, आणि आता नौबादच्या घरी पुढच्या खोलीत बसून लग्नाच्या, बारशाच्या, बुद्ध पौर्णिमेच्या पत्रिका करतात. साध्या नव्हेत, उठावाच्या. चिकट शाईने अक्षर काढायचं, शाई ओली आहे तोवर सोनेरी पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची आणि वरून गरम हवेची बंदूक फिरवायची. पावडर वितळते, फुगते, आणि अक्षर चकाकत कागदावर उभं राहतं. बघायला मोठं गोड दिसतं, पण अप्पा जवळ जाऊ देतील तर ना!

भाच्याच्या बारशाच्या पत्रिका करायला मी हौसेने गेले, तर ऑपरेशनला घेतल्यासारखी माझी तयारी झाली. अंगठी काढवली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, पदर खोचायला लावला, शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवलं. मग हातात कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा देऊन म्हणाले, "कागदाला बोट लावायचं न्हाई. कोपरा चिमट्यात धर. अक्षर चकाकलं की हात लावावा वाटतंय बघ, तवाच हात मागं घ्यायचा. पावडर पातळ झालेली असती, कातड्याला चिकटली की सोडत न्हाई."

"कामून एवढं भेता अप्पा?" मी हसून विचारलं.

"बोटं धाच दिल्यात. अकरावं बिदरच्या बाजारात मिळत न्हाई."

मी अर्थातच अक्षर चकाकल्याबरोबर बोट लावलं. मग काय, फोड! अप्पांनी माझा हात पातेल्यात बुडवला आणि गार होईपर्यंत मला एक अक्षर बोलू दिलं नाही. बैलसुद्धा माझ्यापेक्षा शहाणे होते, एवढं मात्र ऐकवलं.

हे वेड पत्रिकांपुरतं राहिलं असतं तर मी काही बोलले नसते. पण अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात सदैव एक चिमटा असतो. चहाचा ग्लास ते चिमट्याने धरतात. नाक्यावरचा हॉटेलवाला त्यांना लांबून बघूनच ओरडतो, "बर्री अप्पा, या या! चहा बिसि ऐती, गरम हाय, चिमटा काढा!" लग्नाच्या पंगतीत गरम पुरी ते चिमट्याने उचलतात आणि शेजारच्यालाही एक चिमटा देऊ करतात. एकदा तर दोरीवरचे सगळे चिमटे त्यांनी कामाला काढून घेतले आणि अक्कांचं लुगडं उडत थेट पलीकडच्या बोकडाच्या अंगावर जाऊन पडलं. ते परत आणायला अप्पाच गेले, तेही बोकडाची माफी मागितल्यासारखं तोंड करून.

अक्का म्हणजे अप्पांची बायको. ही बाई तव्यावरची ज्वारीची भाकरी बोटांनी उलटते, चुलीतला निखारा बोटांनी सरकवते. अप्पांना मदत करायला बसली की गरम हवेखाली पत्रिका उघड्या बोटांनी धरते. अप्पा कळवळून ओरडतात, तर म्हणते, "भाकरीपरीस गरम असतंय व्हय हे?" वर गार झालेल्या अक्षरावरून बोट फिरवून निकाल देते, "सपाटच हाय की! उगं वारा घालायलाव." झालं! एवढ्या मेहनतीचा उठाव, आणि घरच्या बाईने सपाट म्हणावं! अप्पा दोन-दोन दिवस रुसून बसायचे. मला वाटायचं, अक्का मुद्दाम चिडवतात.

मग रेशन दुकानात सगळ्यांचे अंगठे यंत्रावर नव्याने घ्यायला लागले. अक्कांचा अंगठा काही जुळेना. पदराला पुसला, केसांवर घासला, दहाही बोटं लावून पाहिली, यंत्र आपलं लालच. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "अक्का, रेषाच राहिल्या न्हाईत. अजून थोडे दिवस बघू, न्हाईतर नाव कटतंय." त्या दिवशी मी बहिणीकडेच होते. अक्का घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि दोन्ही हात पुढे धरून म्हणाल्या, "म्हंजे मी न्हाईच व्हय?" सगळे हसलो. अक्काही हसल्या, पण नंतर जेवल्या नाहीत.

अप्पा हसले नव्हते. त्यांनी त्या रात्री अक्कांचा हात हातात घेऊन बोटांची टोकं एकेक करून दाबून पाहिली. सकाळी उठून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. गुरांच्या दवाखान्यातले खांद्यापर्यंत येणारे हातमोजे चढवले आणि भाकरी थापायला बसले!

"आवो, भाकरी करायलाव का म्हशीचं बाळंतपण?" अक्का दारातून म्हणाल्या.

"तू तव्याच्या जवळ यायचं न्हाई. निखाऱ्याच्या न्हाई, बंदुकीच्या न्हाई."

भाकरी पक्कडीने उलटताना तुटायची, तर कधी अशा आकाराची व्हायची की कुठल्या बाजूने खायला घ्यावी कळू नये. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. अप्पा रोज संध्याकाळी अक्कांच्या बोटांना खोबरेल तेल चोळायचे, आणि जिने जन्मात हात स्वस्थ ठेवला नाही ती बाई मांडीवर हात ठेवून बसायची. मला तर बघवत नसे. असे दोन महिने गेले.

आणि एके दिवशी यंत्र हिरवं झालं! अक्का घरी आल्या त्या सरळ चुलीपुढे. मी तिथेच होते. तव्यावरच्या भाकरीला हात घातला आणि किंचाळल्या, "आई गं! भाजलं!" अप्पांनी धावत गार पाणी आणलं. अक्का चिडून म्हणाल्या, "नाजूक करून ठिवलाव मला, आता भाकरी कशी करू?" अप्पांनी खिशातला चिमटा काढून त्यांच्या हातात दिला.

दुपारी चहा ओतला. ताटावर एक पत्रिका वाळत पडली होती. अक्कांनी सवयीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि थांबल्या. परत फिरवलं, हळू. मग उठून ट्रंकेतल्या जुन्या पत्रिका काढल्या. पोरांच्या लग्नाच्या, नातवाच्या बारशाच्या. डोळे मिटून एकेकीवरून बोट नेत राहिल्या.

"हे बी असं वर आलेलं होतं?"

"व्हय."

"आन् हे?"

"पैल्यापासूनच हाय," अप्पा म्हणाले.

"मग मला सांगायचं न्हाई का हो," अक्का म्हणाल्या.  वाफाळता चहाचा ग्लास अप्पांच्या उघड्या बोटांत होता, आणि त्यांना चटका बसत होता की नाही, ते त्यांना विचारायचं माझ्या जिवावर आलं.