मराठी मेनू आणि घरतांची पोपटी

तुळशीराम घरत आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोबर खाली राहतात. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली, आणि निवृत्त झाल्यावर भांडायला मोकळे झाले. मी हे वाईट अर्थाने म्हणत नाही. निवृत्त माणसं देवळात बसतात, बागेत टाळ्या वाजवून मोठमोठ्याने हसतात, सुनेच्या फोडणीत लक्ष घालतात. घरत संगणकापुढे बसले. घरी सून नव्हती, तेव्हा फोडणीच्या वाटेला त्यांची बायको शांतीबाईच आल्या असत्या; त्या सुटल्या.

त्या काळी 'चव्हाटा' नावाचं एक मराठी संकेतस्थळ होतं. तिथे कोणीही टोपणनाव घेऊन यावं आणि वाटेल त्या विषयावर मत ठोकावं. घरतांनी 'खाडीवाला' हे नाव घेतलं. मिक्सर, डास मारायची बॅट, इन्व्हर्टर, पाणी गाळायचं यंत्र, यांतलं काहीही बाजारात आलं की त्यांचा लेख तयार. आणि प्रत्येक लेखाचा शेवट एकाच मुद्द्यावर: या वस्तूबरोबरचं माहितीपत्रक मराठीत का नाही? विकायला पनवेलात येता आणि समजावून सांगता कोरियनमध्ये?

घरी ते आगरी बोलत. 'हाय' आणि 'नाय' यांवर त्यांचं सगळं भागे. चव्हाट्यावर मात्र अशी घोटीव मराठी लिहीत, की लोक त्यांना प्राध्यापक समजत. 'खाडीवाले सर' म्हणत. कारखान्यात सूटबूटवाल्या साहेबांनी तीस वर्षं 'ए घरत' अशीच हाक मारली होती. तेव्हा या 'सर'ची गोडी काय असेल ते मला कळत होतं, म्हणून मी बरंच सोसलं.

सोसलं म्हणजे काय, तर त्यांच्या घरी चहाला गेलं की हमखास एखाद्या कंपनीला फोन लावलेला असे.

"सर, हिंदी या इंग्लिश?"

"मराठी."

"सर, मराठी के लिए वेट करना पड़ेगा."

"करतो की."

मग फोन स्पीकरवर टाकून ते जेवायला बसत. पलीकडून कंपनीची टिंगटिंग धून चालू. शांतीबाई आमटी वाढता वाढता विचारत, "आज तरी कोनी येल काय मराठी?" पाहुणा येणार असल्यासारखं. कोणी आलंच, तर घरत त्या पोरीची इतकी विचारपूस करत, की ज्या तक्रारीसाठी फोन केला ती राहूनच जाई.

चव्हाट्यावर त्यांचा हाडवैरी म्हणजे 'मुद्देसूद'. हा कोणी तरणाबांड होता, खारघरला राहणारा, एवढंच कळलेलं. घरतांनी काही लिहिलं की याचा प्रतिसाद यायचाच: "सर, भावना पोचल्या. आता मुद्दा सांगा." त्यावर घरतांचं उत्तर ठरलेलं: "पुरावा द्या." हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा टंकले होते, की त्यांच्या संगणकाचा 'प' पुसला गेला होता.

साधारण दोन हजार अकरात जो तो स्पर्शाचे फोन घ्यायला लागला. घरतांकडे जुना बटणांचा फोन होता आणि त्याचा मेनू अस्सल मराठीत: 'मागे', 'पुढे', 'संदेश पुसायचा?' नव्या फोनांत हिंदी होती, मराठी नव्हती. दुकानदार म्हणाला, "काका, हिंदी आहे की." घरत म्हणाले, "म्हणूनच तर." आणि घरी येऊन त्यांनी चव्हाट्यावर जाहीर केलं: "ज्या यंत्राला माझ्या भाषेत 'मागे' आणि 'पुढे' म्हणता येत नाही, ते सोन्याचं असलं तरी मी वापरणार नाही. वापरलं, तर अख्ख्या चव्हाट्याला आपट्याला पोपटी!"

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली चैन. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा भरायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आपटा हे शांतीबाईंचं माहेर. त्यांच्या भावाचं शेत पाताळगंगा नदीला लागून. घोषणा करताना शांतीबाईंना अर्थातच कोणी विचारलं नव्हतं.

अडचण आली ती मेलबर्नहून. तिथे त्यांची मुलगी कीर्ती असते. जावई मंगळूरचे. दोघांची बोलायची भाषा इंग्रजी, त्यामुळे नात कादंबरी इंग्रजीतच रांगली आणि इंग्रजीतच चालायला लागली. आता नाव कादंबरी आणि मराठीचा एक शब्द नाही.

"बाबा, मी एकटी किती बोलणार?" कीर्ती फोनवर कळवळून म्हणायची. "रोज थोडं तुम्ही बोला तिच्याशी. पण तोंड दिसलं पाहिजे हो, नुसत्या आवाजाला ती उत्तर देत नाही."

खरंच देत नसे. फोन कानाला लावला की पोरगी नुसता श्वास सोडायची आणि मग फोन आपटायची. शांतीबाई म्हणत, "माझी नात मला फू करते."

आता तुम्ही म्हणाल, संगणक होता ना? होता. पण घरतांनी त्यात चकटफू मिळणारी, अथपासून इतिपर्यंत मराठी असलेली प्रणाली घालून घेतली होती. ती उघडताना 'सुस्वागतम्' म्हणायची, बंद होताना 'पुन्हा भेटू' म्हणायची, आणि कॅमेरा लावला की 'उपकरण आढळले नाही' म्हणायची. तीन कॅमेरे आणून झाले. एकही आढळला नाही.

मी एकदा तोंडावर सांगितलं. "घरत, जगातल्या यंत्रांना मराठी शिकवायला निघालात आणि नात चालली हातची. ती पाच वर्षांची झाली की मग तिच्याशी बोलायला कंपनीची पोरगी बोलवा. सर, हिंदी या इंग्लिश?"

ते उठून आत गेले. भांडले नाहीत, म्हणजे लागलं होतं.

माझ्याकडे भाच्याने दिलेला एक टॅब होता. मी त्यावर पत्ते खेळायची. दुसऱ्या दिवशी तो नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. मराठी टंकायची सोय उतरवून दिली होती, पण मेनू इंग्रजी.

"बाई, हा मला चालनार नाय," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"तुम्हाला कोण देतंय? शांतीबाईंना देतेय. तुम्ही बाजूला बसा."

असे ते बाजूला बसले, आणि आठवड्याभरात टॅब त्यांच्या हातात आणि शांतीबाई बाजूला. कादंबरीला आबांचं टक्कल फार आवडलं. ती पडद्यावर थापट्या मारायची. पहिला शब्द शिकली 'नाय'. मग 'आबा'. मग 'खा', 'ये', 'हाय'. घरत तिला खिडकीतला कावळा दाखवत, गॅसवरचं कालवण दाखवत, मला दाखवत. "ही वरची बाय. ही ओरडते." चव्हाट्यावर त्यांचे लेख पातळ झाले. मुद्देसूदने विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?"

एक दिवस कीर्तीचा तक्रारीचा फोन. "बाबा, हिला काय शिकवलंत? झोपायची वेळ झाली म्हटलं की म्हणते 'पुरावा दे'. दूध संपव म्हटलं, पुरावा दे. पाळणाघरातल्या बाईंनी मला बोलावून अर्थ विचारला!"

घरत दिवसभर जिन्यात भेटेल त्याला हे सांगत होते.

आणि मग त्यांनी माती खाल्ली. नातीशी बोलून झालं होतं, टॅब मांडीवर होता, आणि तेवढ्यात त्यात चव्हाट्याची ईमेल आली. मुद्देसूदने लिहिलं होतं की मराठी मेनूचा आग्रह धरणारे लोक शेवटी गुपचूप इंग्रजीच वापरतात. चव्हाट्यावर ईमेलनेही उत्तर पाठवता येई. खोलीतला संगणक सुरू होऊन 'सुस्वागतम्' म्हणेपर्यंत थांबणं घरतांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे झोडलं: "आपल्यावरून जग ओळखू नका. मी आजही माझ्या शब्दाला जागून आहे. पुरावा द्या!"

आणि त्याखाली त्या टॅबने आपल्या मनाने, इंग्रजीत, एक ओळ चिकटवली की हा मजकूर अमुक कंपनीच्या टॅबवरून पाठवला आहे.

ही ओळ घरत सोडून सगळ्यांनी वाचली.

"पुरावा पोचला, सर," मुद्देसूदने लिहिलं. मग जी रांग लागली! "पोपटी! पोपटी!" "शेंगा कोवळ्या असू द्या." "आम्ही अंडी खात नाही, वेगळं मडकं लागेल." "मूळ घोषणेत यंत्र म्हटलंय. टॅब यंत्र आहे काय?" "मग काय भाजी आहे?" नाशिकच्या एका बाईंनी तर यायच्या गाडीचीही चौकशी करून टाकली.

घरतांनी खिंड लढवली. टॅब उसना आहे. टॅब पत्नीचा आहे. पत्नीने तो वापरला, आपण केवळ समोर होतो. मी वरच्या मजल्यावर बसून हे वाचत होते आणि मला त्यांची कीव आली. शेवटी मुद्देसूदने तोडगा काढला. पोरगा वाटला तेवढा वाईट नव्हता. "सर, उसना आहे हे मान्य. आज संध्याकाळपर्यंत मालकाला परत करा आणि पुन्हा हात लावू नका. तुमचा शब्द शाबूत. ठेवलात, तर पोपटी आणि शिवाय 'मी हरलो' असं ठळक अक्षरांत लिहायचं."

पोपटीचं घरतांना काहीच नव्हतं, ते खिलवणारे गृहस्थ. पण 'मी हरलो' त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं. छताच्या पंख्याबद्दल एकदा साफ चुकले होते, तर पंखा बदलला पण मत बदललं नाही.

दुपारी माझ्या दारात उभे. टॅब टॉवेलमध्ये गुंडाळलेला, मयताला आल्यासारखा चेहरा.

"बाई, हा घ्या तुमचा."

"आणि कादंबरी?"

"कॅमेऱ्याचं बघतो कायतरी. चौथा आनतो."

"ठेवायचा तर ठेवा, न्यायचा तर न्या. दारात उभे राहू नका, माझी भेंडी करपतेय."

त्यांनी टॉवेल पुढे केला आणि आतून टॅब वाजायला लागला. ते टॉवेलकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. वाजतोय आपला. करपल्याचा वास यायला लागला तसा मी तो टॉवेल ओढला. पडद्यावर नाकाच्या दोन भोकांएवढीच कादंबरी दिसत होती.

"आबा! कुठं हाय?"

"आबा जिन्यात हाय, बाय."

"पुरावा दे!"

घरत पायरीवर बसले. टॅब फिरवून त्यांनी तिला जिना दाखवला, कठडा दाखवला, कोणाच्या तरी दारातल्या चपला दाखवल्या. "हा बघ जिना. ही चप्पल. ही आनखी एक चप्पल." ती खिदळत होती. प्रत्येक चपलेला पुरावा मागत होती, आणि हा गृहस्थ, ज्याने सात-आठ वर्षांत कोणालाही सरळ पुरावा दिला नव्हता, तो मुकाट देत होता. माझी कढई काळी ठिक्कर पडली होती, तीही त्यांनी आत येऊन तिला दाखवली.

संध्याकाळी चव्हाट्यावर खाडीवाल्यांचा लेख आला. आयुष्यातला सर्वांत छोटा.

"मी हरलो. टॅब ठेवतोय. पुढच्या रविवारी आपटा, उन्हं उतरल्यावर. शाकाहारी मडकं वेगळं. वाद घरून घालून यावेत."

शेवटची सूचना कोणी पाळली नाही. शेताच्या बांधावर बसल्या बसल्या चव्हाट्याने जाळ होण्याआधीच पेट घेतला. खाडीवाले सरांनी आता स्वतःचा टॅब घ्यायचा तर कोणता, हा विषय. मुद्देसूद म्हणजे हितेश नावाचा हडकुळा, लाजाळू मुलगा निघाला. समोरासमोर त्याच्या तोंडून धड वाक्य निघेना. शांतीबाईंनी त्याच्या हातात भांबुर्डीचा भारा दिला. "तू मुद्दे नको सांगू. पाला पसर." मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजतंय का बघायचं कामही त्यालाच.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस रेंज शोधत नदीच्या अंगाला गेलेला. तिथून त्याचा आवाज येत होता. "हा जाळ. हे मडका. नाय, त्याच्यात माकड नाय."

"सर, या इकडे! तुमचं मत सांगा!" नाशिकच्या बाईंनी हाक मारली.

"तुमी ठरवा!" घरत तिकडूनच ओरडले. बांधावर सगळ्यांनी माना वळवल्या. हितेश काळजीने म्हणाला, "बरे आहेत ना?"

टॅब त्यांनी ठरलेल्यांपैकी एकही घेतला नाही. जुन्या पनवेलच्या एका दुकानात गेलो, मी सोबत होते, कारण माझा मला परत हवा होता. दुकानदार मेमरी, प्रोसेसर, बॅटरी असं काही सांगायला लागला. घरतांनी हात वर केला.

"ते राहू द्या. माझी नात एका जागी बसत नाय. पळताना तिचा तोंड नीट दिसंल काय?"

दुकानदाराने दोन टॅब शेजारी ठेवून आपल्या मुलाला दुकानभर पळायला लावलं. ज्यात पोराचं नाक नाकासारखं दिसलं, तो घेतला. मेनू इंग्रजीच होता. घरतांनी एकदा 'मागे-पुढे' करून पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पैसे दिले. मला वाटलं, सुधारला माणूस.

मग त्यांनी बिल मराठीत मागितलं.

आम्ही दिवे लागेपर्यंत तिथे होतो.