फोटो क्रमांक पाच

मी यादी करून जगणारी बाई आहे. वाणसामान, गॅसचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्या — सगळं वहीत, झालं की टिक. भूतखेतं, भास, संकेत यांना माझ्या वहीत कधी रकाना नव्हता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं तसं सांगते.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल युनिटचं ऑफिस मी सतरा वर्षं सांभाळलं. रिपोर्ट टाइप करणं, त्यात फोटो घालणं माझ्याकडेच. आमचा बाळाराम, सोनिवलीचा, टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वायूने गुदमरला. कमरेला सेफ्टी बेल्ट असता तर वरच्या माणसाने दोरीने ओढून काढला असता. पण कंपनीत बेल्टच नव्हते. भिंतीवर नुसते तीन हुक. त्याच दिवशी त्या रिकाम्या हुकांचा फोटो मीच काढला होता.

दोन दिवसांनी मॅनेजर पाटकर साहेबांनी तीन नवे बेल्ट आणून तिथे टांगले, मला पुन्हा फोटो काढायला लावले आणि वाक्य सांगितलं — ‘बेल्ट उपलब्ध होते, कामगाराने निष्काळजीपणे वापरले नाहीत.’ मी ते टाइप केलं. लपवत नाही.

फोटो चार: तीन हुक, तीन बेल्ट. फोटो पाच: टाकीचं तोंड, बाजूचा कठडा, बाकी काही नाही. स्क्रीनवर सगळं बरोबर होतं. प्रिंट काढली... फोटो चारमध्ये बेल्ट दोनच. मधला हुक रिकामा.

आणि फोटो पाचमध्ये कठड्याला दोरी बांधलेली. टाकीच्या तोंडातून आत गेलेली. ताठ — खाली वजन असल्यासारखी.

मी आधी काय चुकलं असेल त्याची यादी केली. फाईल जड होऊ नये म्हणून मी वर्डमध्ये फोटो लिंक करते; म्हणजे फोटो फोल्डरमध्येच राहतो, डॉक्युमेंटमध्ये फक्त दिसतो. चुकीच्या फाईलची लिंक गेली असेल? तपासली, बरोबर होती. लिंक काढून फोटो थेट आत घातले. तेच. पीडीएफ केली. तेच. खाली जाऊन भिंतीवरचे बेल्ट हात लावून मोजले. तीन.

मग पेनड्राइव्ह घेऊन रिक्षाने उल्हासनगर कॅम्प १ गाठलं. तिथल्या कलर प्रिंटवाल्या सिंधी अंकलना मी वर्षानुवर्षं ओळखते. त्यांनी प्रिंट काढली, चष्मा वर करून स्क्रीन पाहिली, परत कागद पाहिला.

“अंकल, तुमच्या मशीनमध्ये काही गडबड?”

“ताई, मेरा मशीन फोटो छापता है, बनाता नहीं.” त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी पाटकरांना दोन्ही प्रिंट दाखवल्या. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, “मॅडम, दोन्ही फोटो उडवा. वाक्य राहू दे. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत.”

फोटो उडवायला दोन सेकंद लागतात. मी माउसवर हात ठेवला, तेवढ्यात बाळारामची बायको मनीषा दारात आली. त्याची पिशवी आणि डबा न्यायला.

“ताई, गावात बोलतात, स्वतःच्याच चुकीनं गेला. पोरगी विचारते, बाबा बेफिकीर होता का गं?” ती म्हणाली, “जो मानूस डब्याचं झाकन दोनदा दाबून बघायचा, तो बेफिकीर?”

मी काही बोलणार, तोवर तिची नजर टेबलावरच्या प्रिंटवर गेली. मला कागद झाकायचं सुचलं नाही. तिने फोटो पाचवर, कठड्यावरच्या गाठीवर, बोट ठेवलं.

“ही त्यांची गाठ हाय. पेंढ्याचे भारे असेच बांधायचे. दोन वेढे न् टोक आत.” मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, “हा फोटो कधीचा?”

अपघातानंतरचा, हे माझ्याच्याने सांगवलं नाही.

ती गेल्यावर मी ते वाक्य खोडलं. लिहिलं — ‘अपघाताच्या दिवशी कंपनीत बेल्ट नव्हते. फोटो चारमधले बेल्ट नंतर आणले.’ शेवटी रिकाम्या हुकांचा पहिला फोटो जोडला. चार आणि पाचला हात लावला नाही. प्रिंट दिली.

फोटो चारमध्ये तीन बेल्ट. फोटो पाचमध्ये कठडा मोकळा.

‘तयार करणार’ म्हणून सही केली आणि कागद इन्स्पेक्टर साहेबांच्या हातात दिले. महिन्याभरात मला घरी बसवलं. त्याचं काही नाही. मनीषाकडे रिपोर्टची एक प्रत पोचवली. पोरीला तिने ती वाचून दाखवली, असं तिनेच सांगितलं.

कॉम्प्युटर कळणाऱ्या चार जणांना विचारून झालं. ‘जुना फोटो मेमरीत राहिला असेल,’ असं सगळे म्हणतात. पण तसा फोटो कधी काढलाच नव्हता, तर राहिला कुठून?

ती पहिली प्रिंट कपाटात आहे. फाडवत नाही. रिपोर्टमध्ये खरं लिहिलं, पोरीला खरं कळलं... तरी त्या कागदावरची दोरी अजून ताठच आहे. वर ओढायला कोणी नाही.