हेप्सी

शुभदाताई नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन काळजी घेते. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती सांगलीहून इथे आली, डच शिकली, आणि आता सायकलवरून घरोघर फिरते.

तिचं सकाळचं पहिलं घर एका इंग्रज बाईंचं होतं. डच माणसाशी लग्न करून त्या तरुणपणी इथे आलेल्या. ताई त्यांच्या सुजलेल्या पायांत घट्ट मोजे चढवायची, बिनसाखरेचा चहा करून द्यायची. बाईंचं नाव हेफ्झिबा. सासरच्यांना ते म्हणता येईना, म्हणून त्यांनी बाईंची एल्स केली. माहेरच्या नावाने, हेप्सी म्हणून, हाक मारणारा एक भाऊ उरला होता. तो हिवाळ्यात गेला. तेव्हा बाईंनी ताईला सांगितलं, आता तू मला हेप्सी म्हणत जा.

ताईला जमेना. आईपेक्षा मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? ती 'मेव्राउ'च म्हणत राहिली. इथे बाईमाणसाला आदराने तसंच म्हणतात. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त दार उघडलं की तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या.

मी ताईची इथली मैत्रीण, साहित्य शिकलेली, म्हणून तिने मला नावाचा अर्थ शोधायला सांगितला. मूळ शब्द हिब्रू. अर्थ, 'माझा आनंद तिच्यात आहे'. पूर्वी धर्मनिष्ठ इंग्रज घरांत मुलींचं हे नाव ठेवत. हेप्सी हे त्याचं लाडकं रूप. आता क्वचितच ऐकू येतं.

"हे आईबापांनी म्हणायचं नाव," ताई म्हणाली. "मी कसं म्हणू?"

"हेप्सीताई म्हण."

"शेपूट लावून नकोय गं त्यांना."

वसंतात बाई अंथरुणाला खिळल्या. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्या सकाळी ताईने मोजे चढवले नाहीत. नुसते पाय चोळले आणि म्हणाली, "हेप्सी, चहा करू?"

बाईंनी डोळे उघडले. "कर. साखर घाल."

ताईने घातली.

अंत्यविधीनंतर ती माझ्याकडे आली. शेवटी कसं जमलं, मी विचारलं.

"मला घरी मंजू म्हणायचे," ती म्हणाली. "मंजूषा. लग्नात ताटातल्या तांदळांत शुभदा लिहिलं."

मला हे माहीतच नव्हतं. आता मंजू कोण म्हणतं, असं विचारलं.

"आई होती तोवर ती म्हणायची."

मी चहाचा कप उचलला. तिच्यापुढे धरला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"घे, ताई," मी म्हणाले.