शीलाताईची पाळी

दारव्ह्याजवळच्या त्या गावात कोणाचं मन बिघडलं, की आशा सेविका शीलाच त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जायची. "मनाचंही दुखणंच असते. त्यात लाजायचं काय?" असं दटावून तिने कितीतरी जणांना समुपदेशक अर्पिता मॅडमसमोर नेऊन बसवलं होतं.

म्हणूनच त्या मंगळवारी ती एकटी निघाली तेव्हा तिने स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधला. तरी जीपमध्ये शेजारच्या संगीताने ओळखलंच.

"कोणाले घेऊन चालली व ताई?"

"औषधं आणाले," शीला खोटं बोलली आणि बाहेर पाहत बसली.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी गावातली उर्वशी दवाखान्याच्या वाटेवर, अँब्युलन्समध्येच बाळंत झाली. बाळ वाचलं, रक्त काही थांबेना. शीलाच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. कोणाच्याच हाती काही नव्हतं, डॉक्टर म्हणाले. गावानेही बोल लावला नाही. पण तेव्हापासून फोन वाजला की शीला तो पालथा घालून ठेवी. उर्वशीच्या गल्लीत ती फिरकेना. बाळाचं वजन करायला अंगणवाडीच्या बाईला पाठवी. नवऱ्याने, धम्मदीपने, काही विचारलं की ताटावरून उठून जाई.

अर्पिता मॅडम नेहमीसारख्या हसल्या. "आज कोणाला आणलंत, ताई?"

"ती आली नाही. लाजते," शीलाच्या तोंडून निघून गेलं. "आमच्या गावची बाई आहे. तिले झोप नाही. चूल पेटवता पेटवता रडू येते."

मॅडमनी नाव विचारलं नाही. "जेवते का?"

"अर्धी भाकर."

"आणि लोकांत कशी असते?"

"चांगली. हसते. लोकांले शिकवते..." इथे शीलाचा आवाज फुटला. "मीच आहो ते, मॅडम. इतक्या जणांले इथं आणलं, अन् माह्या पाळीले मले तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली."

"त्यांनाही वाटलीच असेल, ताई."

शीलाला तिनेच इथे आणलेला, गावातला राजकुमार आठवला. तो बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, आणि आपण सगळ्यांदेखत त्याचं नाव घेऊन हाक मारली होती. तिचे कान तापले.

ती दर मंगळवारी दवाखान्यात जात राहिली. मॅडम तो अँब्युलन्सचा प्रवास पुन्हा पुन्हा, थोडा थोडा सांगायला लावत. कधी ती नुसती रडून परत येई. घरी धम्मदीपला मात्र तिने खरं सांगितलं. पुढच्या मंगळवारी तो स्वतःच्या गाडीवर सोडायला आला.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी वजनकाटा घेऊन ती उर्वशीच्या दारात उभी राहिली. सासू मैनाबाई बाळाला तेल लावत होती.

"काहून व, आमचं घर विसरली?"

"तुमच्यासमोर यायची लाज वाटे, माय."

मैनाबाईचा हात थांबला. "माही सून तुह्या मांडीवर गेली. शेवटी काय बोलली ते तुलेच ठाऊक. मी इतके दिवस वाट पाह्यली तुही. कोणाले विचारू?"

आपल्याच दुःखात दडून बसलो, आणि या म्हातारीचा निरोप अडवून ठेवला, हे शीलाला आजवर सुचलंच नव्हतं.

"पोरगा की पोरगी, विचारलं तिनं," ती म्हणाली. "मी म्हटलं पोरगी. तं म्हणे, माहेरच्या मायले सांगजो, अन् घरच्या मायलेही."

मैनाबाईने पदर तोंडात धरला. शीला सांगत राहिली, सगळं. तिची मान वर झाली नाही, आणि मैनाबाईनेही ती वर करायला लावली नाही.